एका कॅनचे दोन ग्लास

हेझी डबल आयपीए मला आवडते. हे आधीच सांगून टाकतो, कारण बिअरच्या जुन्या रसिकांमध्ये ही बिअर आवडते असं म्हणणं थोडं कमीपणाचं मानलं जातं. त्यांच्या लेखी ती बिअरच नव्हे. दिसायला गढूळ, जिभेला मऊ, वास सगळा फळांचा, कडवटपणा नावापुरता आणि वर ८ टक्के अल्कोहोल. नव्या पिढीतल्या कित्येकांना मात्र हीच तेवढी बिअर वाटते. मी या दोन्ही गोटांतला नाही. या बिअरचा मऊपणा हे मोठ्या कौशल्याचं काम आहे, आणि त्या मऊपणाच्या तळाशी कडवटपणा शाबूत असेल तरच त्याला अर्थ आहे, असं माझं ठाम मत आहे. ते मला एका माणसाने दिलं. त्यांनी मला जे जे दिलं, त्यात हे मत सगळ्यात लहान.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात तीन मजली लाकडी घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. कारखान्यांतल्या कामगार कुटुंबांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती बांधली गेली. मजल्यावर एकेक बिऱ्हाड आणि प्रत्येकाला पुढे गॅलरी. अशा एका घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि तळमजल्यावर घरमालक. शहराच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, आयरिश वंशाचे, पत्नी वारलेली, मुलगी दुसऱ्या गावात. आमची लेक त्यांना आजोबा म्हणायला लागली आणि बघता बघता ते आम्हा सगळ्यांचेच ‘खालचे आजोबा’ झाले. सांगलीहून आईचा फोन आला की आधी त्यांची चौकशी, मग माझी.

१९७८ साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने घरच्या घरी बिअर बनवायला मुभा दिली. त्यानंतर लवकरच आजोबांनी तळघरात भांडी मांडली होती, ती शेवटपर्यंत हलली नाहीत. भिंतीला लागून स्टीलची टाकी, फळीवर काचेचे मोठे बुधले, खिळ्याला अडकवलेली नळ्यांची वेटोळी आणि एक जाड वही. वहीत प्रत्येक खेपेला पहिली ओळ पाण्याची. कॅल्शियम किती, सल्फेट किती, क्लोराइड किती. माल्ट आणि हॉप्स त्याच्या खाली.

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि लोक मात्र हॉप्सवरून भांडतात, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. न्यू इंग्लंडचं पाणी बरंचसं ग्रॅनाइटच्या मुलखातून येतं, त्यात क्षार फार थोडे. म्हणजे बनवणाऱ्याला हवं ते घालायची मोकळीक. एका संध्याकाळी त्यांनी एकाच बाटलीतली साधी पेल एल दोन ग्लासांत ओतली. ड्रॉपरने डावीकडच्या ग्लासात जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट विरघळवलेल्या पाण्याचे थेंब टाकले, उजवीकडच्या ग्लासात कॅल्शियम क्लोराइडचे. “घोट घे. गिळल्यावर तोंड बंद ठेव, आणि घाई करू नकोस.” डाव्या ग्लासातला कडवटपणा कोरडा, ताठ, गिळल्यावरही जिभेच्या मागे रेंगाळणारा. उजव्या ग्लासात तोच कडवटपणा मागे सरला, माल्टची गोडी पुढे आली आणि घोट भरदार वाटला. बिअर तीच होती, फरक केला तो चिमूटभर क्षाराने. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या विहिरींना जिप्समचं पाणी आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या पेल एलमध्ये बर्टनचं नाव मोठं झालं, त्यात या पाण्याचा हात होता. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातला ‘इंडिया’ तिथला. “तुझ्या बंदरात उतरणारी बिअर कोरडी होती,” आजोबा म्हणायचे. हेझीवाल्यांनी नेमका हा काटा उलट फिरवला. सल्फेट कमी, क्लोराइड जास्त.

आजोबांची जीभ कडवटावर वाढलेली. तरुणपणी ते बॅलंटाइन आयपीए प्यायचे. ही बिअर न्यू जर्सीतल्या न्यूअर्कची, पुढे ती आमच्या शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये बनू लागली. पाणचट लागरच्या त्या काळात कडवट बिअर म्हणजे हीच. पुढे कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झो यांनी १९९४ साली टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रूअरीत माल्ट वाढवून, हॉप्स दुप्पट करून एक बिअर काढली. पहिली डबल आयपीए म्हणून तिचं नाव घेतात. जुनी भांडी होती, काही दोष राहिलाच तर हॉप्सखाली झाकला जाईल, असा त्यामागे विचार होता असं सिलुर्झो यांनीच सांगितलेलं आहे. त्यांचीच पुढची प्लिनी द एल्डर ही आजोबांची लाडकी. स्वच्छ, सोनेरी, कोरडी आणि भरपूर कडू. अशा माणसाला गढूळ बिअर कशी रुचावी? दुकानात हेझीचा कॅन उजेडात धरला की त्यांच्या कपाळावर आठी यायची.

मग आम्ही व्हरमाँटला गेलो. स्टो गावात द आल्केमिस्टची ब्रूअरी आहे. जॉन आणि जेन किमिक या नवरा-बायकोने २००३ साली जवळच्या वॉटरबरीत पब काढला आणि दुसऱ्या वर्षी तिथे हेडी टॉपर नावाची डबल आयपीए बनवली. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाचा पूर आला आणि पब बुडाला. त्याच सुमारास त्यांचा कॅन भरायचा छोटा कारखाना सुरू होत होता, तो तेवढा वाचला आणि त्यानेच त्यांना तारलं. आज जगभर ज्या मऊ-गढूळ आयपीए बनतात, त्यांचं मूळ शोधत गेलं की माणूस या कॅनपाशी येऊन पोहोचतो. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. जॉन किमिक बर्लिंग्टनच्या व्हरमाँट पब अँड ब्रूअरीत ग्रेग नूनन यांच्या हाताखाली शिकले. नूनन यांनी खटपट करून राज्याचा कायदा बदलून घेतला आणि १९८८ साली तो पब उघडला. हेडी टॉपरचं यीस्ट किमिक यांना नूनन यांच्याकडूनच मिळालेलं. ‘कोनन’ म्हणतात त्याला, मूळ इंग्लंडचं. पीचसारखा वास देतं आणि बिअर मऊ ठेवतं. नूनन २००९ साली गेले. त्यांनी दिलेलं यीस्ट अजून टाक्यांमध्ये जिवंत आहे. गुरूने दिलेली वस्तू इतक्या शब्दशः वाढत राहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

त्या कॅनवर ठसठशीत छापलंय की कॅनमधूनच प्या. ग्लासात ओतलं की वास उडतो, असं किमिक यांचं म्हणणं. आजोबांनी घरून कागदात गुंडाळून ग्लास आणला होता. अर्धी बिअर त्यात ओतली आणि उरलेला कॅन माझ्या हातात दिला. “तू त्यांचं ऐक, मी माझं ऐकतो.” बराच वेळ ते बोलले नाहीत. तोंडात मऊपणा पसरला, संत्र्याच्या सालीचा आणि पाइनचा वास वर आला, आणि गिळल्यावर सावकाश, मागून, कडवटपणा आला तो हलेचना. “गढूळ आहे,” आजोबा म्हणाले, “पण कणा आहे हिला.” परतीच्या रस्त्यावर त्यांनी माझ्याकडून त्या गढूळपणाचं सगळं शास्त्र काढून घेतलं. मी प्रथिनं शुद्ध करण्याच्या कामातला, त्यामुळे तेवढं मला सांगता आलं. ओट्स आणि गव्हातली प्रथिनं हॉप्समधल्या पॉलिफेनॉल्सना धरतात आणि त्यांचे बारीक कण खाली न बसता तरंगत राहतात. चांगल्या हेझीतला गढूळपणा हा असा असतो. यीस्टचा गाळ हलवून आणलेला गढूळपणा वेगळा, आणि तो पोटालाही कळतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला अशा वेळी ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी धरायची, नाहीतर सामान बांधायचं. मुलगी बालवाडीत रमलेली, बायकोला तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही. भाड्याचं बोलायला मी खाली गेलो. आजोबांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “भाडं नोकरी लागल्यावर. शनिवारी सकाळी तळघरात ये. माझी पाठ धरलीय, टाकी उचलवत नाही.”

त्यांची पाठ ठणठणीत होती. आदल्याच दिवशी त्यांनी सगळ्या फुटपाथवरचं बर्फ फावड्याने ओढलेलं मी गॅलरीतून पाहिलं होतं.

अर्ज पाठवून पाठवून डोकं आंबून जायचं, आणि शनिवार आला की ते कामाला जुंपायचे. धान्य भरडायचं. ६७-६८ अंशांच्या पाण्यात ते मुरवायचं, कारण तापमान थोडं चढं ठेवलं की यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअरला अंग येतं. मग रस उकळायचा. कडवटपणा उकळीत तयार होतो. हॉप्स जितका वेळ उकळाल तितका तो जास्त. हेझीत बहुतेक हॉप्स आच बंद केल्यावर, रस थोडा निवल्यावर पडतात, आणि त्याहून जास्त आंबवण्याच्या टाकीत. यीस्ट कामात असतानाच हॉप्स टाकले तर ते हॉप्समधल्या काही तेलांचं रूपच पालटतं आणि एरवी नसते ते फळांचे वास येतात. आजोबा हिरवी गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे, दोन्ही हात घासायला लावायचे आणि ओंजळ नाकाशी न्यायला सांगायचे. हात चिकट, पिवळट व्हायचे. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्याकडचे सिट्रा आणि मोझेक, न्यूझीलंडचा नेल्सन सोव्हिन, ऑस्ट्रेलियाचा गॅलक्सी. एकदा हात न धुताच मी वर जेवायला गेलो. बायकोने दारातच विचारलं, “पेरू आणलेस का?” ती बिअरचा थेंब घेत नाही, पण आमच्या घरात सगळ्यात तीक्ष्ण नाक तिचं. त्या दिवसापासून नवीन हॉप्सचं पाकीट आलं की आजोबा ते आधी तिच्याकडे पाठवायचे आणि ती म्हणेल ते वहीत लिहायचे. वहीत एके ठिकाणी इंग्रजी अक्षरांत ‘पेरू’ लिहिलेलं आहे.

मुदत संपायच्या आत नोकरी लागली. थकलेलं भाडं मी हप्त्याहप्त्याने फेडलं. त्यांनी त्याचा कधी कागद केला नाही, की मला आठवण दिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. त्यांची सगळी हयात गाळप, उतारा आणि ब्रिक्समध्ये, म्हणजे रसातल्या साखरेच्या मोजणीत, गेली. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही, आणि आमच्याकडे तो विषयच निघायचा नाही. त्यामुळे आजोबांनी त्यांना तळघरात बोलावलं तेव्हा माझ्या छातीत धडधडत होतं. आजोबांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर गरम रसाचे दोन थेंब सोडले, झाकण लावलं आणि यंत्र सरळ बाबांच्या हातात दिलं. बाबांनी न विचारता ते खिडकीच्या उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “एटीन पॉइंट फाइव्ह.” उसाच्या पहिल्या रसाचा ब्रिक्सही याच घरात असतो. निवृत्तीनंतर बाबांचा आवाज इतका भरलेला मी ऐकला नव्हता. पुढचा तासभर ते दोघे बोलत होते. बाबांचं इंग्रजी कारखान्याच्या अहवालांतलं, आजोबांचं वुस्टरच्या गल्लीतलं. मी मध्ये पडायची गरज क्वचितच लागली.

आंबवण पूर्ण झाल्यावर बाबांनी पुन्हा थेंब घेतला आणि मान हलवली. “हा आकडा खरा नाही. यात आता अल्कोहोल आहे, उजेड वेगळा वळणार. हायड्रोमीटर लावा.” आजोबा हसले. त्यांनी तो आधीच बाहेर काढून ठेवला होता. हायड्रोमीटर १.०१८ वर थांबला. बाबांनी मला मराठीत विचारलं, “एवढी साखर का सोडलीय यांनी? आमच्याकडे असा उतारा दिला असता तर चेअरमनांनी घरी पाठवलं असतं.”

मी प्रश्न पुढे सरकवला. आजोबांनी तो मनापासून घेतला. कॅलिफोर्नियाच्या बिअरमध्ये हा आकडा १.०१० च्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ सगळं वसूल. इथे मुद्दाम ठेवायचं, कारण मऊपणा त्याच्यावर बसतो. पण जेवढं मागे ठेवाल तेवढा कडवटपणाही मोजून वाढवावा लागतो, नाहीतर सगळं गुळमट होतं. हल्लीचे लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. रात्री जेवताना आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “कारल्याला मीठ लावून पिळायचं, पण पार पिळून टाकलं तर मग कारलं करायचंच कशाला?” मी ते आजोबांना सांगितलं. हेझी बिअरवर त्यांनी ऐकलेलं सगळ्यात नेमकं बोलणं हेच, असं ते पुढे सगळ्यांना सांगायचे.

आजच्या हेझी डबल आयपीएंबद्दल माझी तक्रार तीच आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनने या शैलीला आपल्या यादीत अधिकृत जागा दिली. तेव्हापासून तर जो तो बनवतो. चार कॅनचे वीस डॉलर किंवा जास्तच, वर झकास चित्र, आणि आत काय? कधी लॅक्टोज आणि व्हॅनिला घातलेलं गोड पेय. कधी हॉप्सचा इतका मारा की घसा खरखरतो आणि जिभेवर चोथ्याचा तुरटपणा राहतो. घाईघाईने कॅनमध्ये भरलं की हे होतं. कधी बिअर मुळात छान, पण उघड्या फळीवर पडून शिळी झालेली. हवा लागली की ही बिअर करडी-तपकिरी पडते आणि फळांच्या वासाच्या जागी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. म्हणून कॅनच्या बुडावरची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नये आणि घेतली तर फ्रिजबाहेर ठेवू नये. ज्यांना जमलंय त्यांना मात्र फार सुंदर जमलंय. वुस्टरपासून जवळच, चार्लटनला ट्री हाउसची ब्रूअरी आहे. आपली बिअर दुकानांत न पाठवता त्यांनी आपल्याच दारात विकून नाव कमावलं. त्यांची हेझ नावाची डबल आयपीए घेतली की पहिला घोट पीच आणि संत्र्याचा, मधला सायीसारखा दाट, आणि शेवट स्वच्छ कडू. पुढचा घोट घ्यावासा वाटतो तो त्या शेवटामुळे. ट्री हाउस मन्सनला होती तेव्हा घडीची खुर्ची घेऊन लोक रांगेत बसायचे. त्यात आजोबाही असायचे, आणि रांगेतल्या पोरांना सल्फेट समजावून सांगायचे.

मऊपणाचा एक धोका ते प्रत्येकाला बजावायचे, आणि मीही बजावतो. ४७३ मिलीचा ८ टक्क्यांचा कॅन म्हणजे साध्या ५ टक्क्यांच्या ३५५ मिलीच्या दोन बाटल्यांहून थोडं जास्तच अल्कोहोल. जुनी डबल आयपीए कडवटपणामुळे सावकाशच प्यावी लागायची. ही सहज उतरते आणि अंगात काय गेलं ते उशिरा कळतं. म्हणून त्यांच्याकडे नियम होता. एक कॅन, दोन ग्लास. दुसरा माणूस नसेल तर कॅन उघडायचा नाही. त्या वाईट हिवाळ्यात संध्याकाळी एकटं बसून पिण्याची सवय मला सहज लागू शकली असती. ती लागली नाही, कारण माझ्यापुरत्या सगळ्या बिअरची चावी त्यांच्या नियमात होती आणि दुसरा ग्लास त्यांचा होता. त्यांनी हे तोंडाने कधी म्हटलं नाही.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी हृदयविकाराने आजोबा गेले. घर त्यांच्या मुलीकडे आलं आणि ती तिथे राहायला आली. आम्ही तोवर पलीकडच्या गल्लीत स्वतःचं घर घेतलं होतं. महिना-दीड महिना गेल्यावर तिचा फोन आला, तळघरातली भांडी विकायची की तू चालवणार? मी म्हटलं, दोघं चालवू. वडिलांकडून तिने पाण्याचा हिशेब घेतलाय, पण जीभ तिची स्वतःची आहे. तिला मऊ, अगदी मऊ बिअर आवडते. तिच्या मते क्लोराइड सल्फेटच्या तिप्पट हवं. मी दुपटीच्या वर जायला तयार नाही, आणि उकळीच्या सुरुवातीलाच मूठभर मॅग्नम हॉप्स पडले पाहिजेत असा माझा हट्ट. ती वही काढते, माझ्या विरुद्धचं पान दाखवते. मी चार पानं उलटून तिच्या विरुद्धचं दाखवतो. आजोबांनी दोन्ही करून बघितलेलं आहे.

या शनिवारी रस एकच काढायचा, पण अर्ध्यात तिच्या मापाने क्षार घालून आणि अर्ध्यात माझ्या, दोन बुधल्यांत लावायचा, असं ठरलंय. बाबांना सांगलीला फोन केला तर ते म्हणाले, दोन्हींचे आकडे वेगवेगळे कळव, आणि सरासरी काढून पाठवू नकोस.